ईदीतले पिस्तूल

यंदाच्या ईदला आमच्या धाकट्याने मामूंनी दिलेल्या ईदीतून पिस्तूल आणले. काळेभोर, हाताला जड, आत प्लास्टिकचे पिवळे छर्रे. मगरिबच्या सुमारास तो गच्चीवरून समोरच्या खिडकीवर नेम धरून उभा होता. खिडकीतल्या काकू दचकून मागे सरल्या, पडदा ओढला. आम्ही नवरा-बायको हसलो. रात्री मात्र झोप लागेना.

कारण तमीर राइस आठवला. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमधला बारा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा. २२ नोव्हेंबर २०१४ रोजी तो बागेत एअरसॉफ्ट पिस्तूल घेऊन खेळत होता. खेळणे ओळखू यावे म्हणून तिथे नळीच्या टोकाला नारिंगी खूण असते. त्याच्या पिस्तुलाची निघालेली होती. पोलिसांना फोन करणारा म्हणाला होता की बंदूक बहुधा खोटी असावी. ते गाडीतल्या पोलिसांपर्यंत पोचलेच नाही. गाडी आली आणि दोन सेकंदांत गोळी सुटली. दुसऱ्या दिवशी तो गेला.

मग अशा बंदुकांना खऱ्या शस्त्रासारखा परवाना लावावा का? आम्हाला ते पटत नाही. आपल्याकडे २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे .१७७ बोअर आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअरगनलाही परवाना लागत नाही. प्लास्टिकच्या छर्र्यांसाठी कशाला? छर्रा डोळ्यात गेला तर तेही लहानसहान नव्हे, पण खरा धोका दिसण्यात आहे. ब्रिटनने २००६च्या कायद्यात नेमके तेच धरले. हुबेहूब नकलेच्या विक्रीला बंदी, भडक रंगाच्या किंवा पारदर्शक खेळण्याला मोकळीक. नाटक-सिनेमावाल्यांची सोय वेगळी. आपल्याकडेही एवढे व्हावे. अंधारात टोपी घातलेल्या पोराच्या हातात काळे पिस्तूल दिसले, तर बघणारा आधी काय समजेल हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

प्रवासात झोपलेल्या एका सहाबींची दोरी सोबत्यांनी गमतीने उचलली, ते घाबरले, तेव्हा मुसलमानाला असे घाबरवणे वैध नाही, असे प्रेषितांनी (स.) बजावले होते. ही हदीस आम्ही मुलांना कितीदा सांगितली असेल! तिथे नुसती दोरी होती. शेजारीण कोणत्या धर्माची, हा तर प्रश्नच नाही.

सकाळी त्याला घेऊन काकूंकडे गेलो. माफी आधी आम्ही मागितली, मग त्याने. दुकानदार पिस्तूल परत घेईना, म्हणून पैसे आम्हीच त्याच्या हातावर ठेवले. ते आता कपाटावर आहे. शाळेतून आला की तो एकदा तरी तिकडे बघतो.