दोन किलो

ऑपरेशननंतरचं माझं पहिलं जेवण म्हणजे तीस मिली डाळीचं पाणी. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर रेघा असलेलं प्लास्टिकचं टोपण येतं ना, त्यातून. ते एका घोटात संपवायचं नव्हतं, दहा-पंधरा मिनिटं पुरवायचं होतं. एवढ्या वेळात मी एकेकाळी दोन मिसळी आणि सहा पाव संपवलेत. त्या टोपणाकडे बघून मला आधी हसू आलं. हसल्यावर पोटातले टाके ओढले गेले, मग डोळ्यांत पाणी आलं.

मी कोल्हापूरचा. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत अकाउंट्स बघतो. ऑगस्ट 2023मध्ये माझं वजन 142 किलो होतं. आज ते 93 आहे. मधल्या काळात काय झालं, हे मी वर्षभर कुणालाच खरं सांगितलं नाही.

कोल्हापुरात जाड पुरुषाची एक सोय आहे. त्याला कुणी जाड म्हणत नाही, ‘पैलवान’ म्हणतात. रिक्षावाला, चहावाला, बँकेतला कॅशियर, सगळेच. मी जन्मात कधी लंगोट लावला नाही, पण शाळेपासून पैलवान आहे. आमचे आण्णा मात्र खरेखुरे तालमीतले. तरुणपणी जत्रांमधून कुस्त्या केल्या, नंतर एसटीत ड्रायव्हर म्हणून लागले. नोकरीतही पहाटेच्या जोर-बैठका सुटल्या नाहीत. त्यांचा हिशोब सरळ आहे: खायचं आणि जिरवायचं. यातला पहिला भाग मी त्यांच्याकडून शिकलो, दुसरा राहून गेला.

आमचं बापलेकाचं बोलणं तसं कमीच. जे होतं ते रविवारच्या मटणाभोवती. सकाळी सातला दोघांनी दुकानाच्या रांगेत उभं राहायचं. आण्णांनी ‘दोन किलो’ म्हणायचं, नळ्या घालायला सांगायचं. दुपारी तांबडा, पांढरा, सुकं. ‘अजून घे’ आणि ‘बास’ एवढ्या दोन शब्दांवर आमचं नातं तीस वर्षं चाललं. ‘बास’ मी क्वचितच म्हणायचो, आणि त्यांना ते आवडायचं.

मग एका संध्याकाळी कामावरून येताना पंचगंगेच्या पुलावर मला बाइक चालवता चालवता डुलकी लागली. मागून ट्रकचा हॉर्न वाजला म्हणून वाचलो. तपासण्या झाल्या तेव्हा कळलं, रात्री झोपेत माझा श्वास सारखा अडकतो. याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. रात्रभर झोपूनही झोप होत नाही, म्हणून दिवसा डोळे मिटतात. साखरही वाढलेली होती. डाएट माझे तोवर सात-आठ झाले होते. दर वेळी बारा-पंधरा किलो उतरायचे आणि वीस चढायचे. बीएमआय 48 होता. डॉक्टरांनी सरळ बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरीचं नाव काढलं.

आण्णांनी ऐकून घेतलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “कर. जिवापेक्षा मोठं काय न्हाई. पण कुणाला सांगू नको. घाम न गाळता उतरलेलं वजन म्हंजे कॉपी करून पास झाल्यागत.”

मला राग आला नाही. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं.

म्हणून ऑपरेशन पुण्यात ठरवलं आणि तेही मुद्दाम श्रावणात. ऑपरेशनच्या आधी साधारण दोन आठवडे पातळ पदार्थांवर राहायचं असतं, त्यामुळे यकृत आकसतं आणि सर्जनला दुर्बिणीतून काम करायला जागा मिळते. ऑफिसात सांगितलं, श्रावणाचे उपास आहेत. नंतरची रजा ‘ट्रेनिंग’ म्हणून खपली. श्रावणात मटण नाहीच, त्यामुळे तेही कुणाला खटकलं नाही.

माझं ऑपरेशन होतं स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. पोटावर पाच लहान छेद घेऊन जठराचा पंचाहत्तर-ऐंशी टक्के भाग कायमचा काढून टाकतात. उरते ती साधारण केळ्याच्या आकाराची नळी. काढलेल्या भागात घ्रेलिन नावाचं भूक लावणारं संप्रेरक मोठ्या प्रमाणात तयार होतं. त्यामुळे सुरुवातीचे काही महिने भूक जवळजवळ नाहीशीच होते.

हे ऐकायला मजेशीर वाटतं. मला मात्र ते फार विचित्र गेलं. भूक नव्हती, पण सहा वाजले की ऑफिसबाहेरच्या वडापावच्या गाडीकडे पाय आपोआप वळायचे. बॉस ओरडला की हात ड्रॉवरमधल्या फरसाणाकडे जायचा. आमच्या आहारतज्ज्ञ बाई याला ‘डोक्यातली भूक’ म्हणायच्या. डोक्याचं ऑपरेशन कुणी केलेलं नव्हतं.

पहिले आठवडे पाणी, ताक, डाळीचं पाणी. मग मिक्सरमधून काढलेलं. मग मऊ भात, अंड्याचा बलक, पनीर. घास पार लगदा होईपर्यंत चावायचा. जेवताना पाणी नाही आणि नंतरही अर्धा तास नाही. ताटात आधी प्रोटीन, मग भाजी, आणि जागा उरलीच तर भाकरी. आयुष्यभर भाकरीनं सुरुवात केलेल्या माणसाला हा क्रम उलटा बसवायला तीन महिने लागले. मधुमेहाची गोळी काही महिन्यांनी डॉक्टरांनी बंद केली. जीवनसत्त्वं, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या मात्र जन्मभराच्या.

एकदा घाईत चपातीचा घास नीट न चावता गिळला. तो छातीत अडकला. तोंडाला फेसासारखी लाळ सुटली आणि वीस मिनिटं मी बेसिनपाशी वाकून उभा होतो. आई दाराबाहेरून विचारत होती, “पाणी देऊ का रे?” पाणीच प्यायचं नव्हतं.

पोट भरलं की मला उचकी लागते, एकच. त्यापुढे अर्धा घासही नको, असा तो इशारा. पण आमच्या घरात उचकी म्हणजे कुणीतरी आठवण काढतंय. आई अजूनही प्रत्येक वेळी विचारते, “कोण आठवण काढतंय रे?” मी म्हणतो, “डॉक्टर.”

गणपती गेल्यावर पहिला मटणाचा रविवार आला. ऑपरेशनला सव्वा महिना झाला होता. मी रांगेत उभा होतो आणि आण्णा नेहमीसारखं म्हणाले, “दोन किलो.” मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी बघितलं नाही.

दुपारी आईनं माझ्यापुढे एक लहान वाटी ठेवली. त्यात अळणी होतं. आमच्याकडे मटण हळद-मीठ घालून शिजवलं की त्या पाण्याला अळणी म्हणतात. मसाला पडायच्या आधी ते लहान मुलांसाठी आणि आजारी माणसासाठी बाजूला काढतात. मी शेवटचं अळणी बालवाडीत असताना प्यायलो असेन. चमच्या-चमच्यानं अर्धी वाटी संपवली आणि उचकी लागली. आण्णांनी सवयीनं “अजून घे” म्हटलं, मी “बास” म्हटलं. त्यानंतर दोघांनाही बोलायला काही उरलं नाही. एवढी वर्षं त्या ताटाच्या आडोशानं आम्ही गप्प बसत होतो, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढचं वर्षभर आमच्या घरी दर मटणाच्या रविवारी दोन किलोच येत राहिलं. कमी घेतलं तर दुकानदार विचारील, शेजारी विचारतील. उरलेलं आई डब्यात घालून खालच्या मजल्यावर द्यायची, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवायची. सोमवार आमचा वारीचा, मग मंगळवारी आण्णा एकटेच ते शिळं मटण खात बसायचे. माझं गुपित ते असं संपवत होते.

बाहेर मात्र माझी चांदी होती. चौथ्या महिन्यात केस मुठीनं गळले, पोटाची कातडी शर्टाच्या आत लोंबायला लागली, पण ते कुणाला दिसत नव्हतं. दिसत होतं ते वजन. “भावा, नाद खुळा!” म्हणत लोक पाठीवर थाप मारायचे. ज्या पाहुण्यांनी कधी माझ्या नोकरीची चौकशी केली नव्हती, ते लग्नाचं विचारायला लागले. आणि सगळ्यांचा एकच प्रश्न: “काय केलंस? दीक्षित की दिवेकर?”

मी हसून म्हणायचो, “कुणाचंच नाही. माझं मीच. सकाळी रंकाळ्याला चालतो, दोन वेळा वाटीभर खातो, आणि जिद्द.”

यातलं एकेक वाक्य खरं होतं. चालत मी होतोच, वाटीभर खात होतोच. फक्त ती वाटी मला का पुरते, तेवढं मी सांगत नव्हतो. ‘जिद्द’ म्हणताना तर मजा यायची. आयुष्यात पहिल्यांदा लोक मला जिद्दी समजत होते.

माझा आत्तेभाऊ इचलकरंजीला असतो. एकोणीस वर्षांचा, डिप्लोमाला. अंगानं थेट माझ्यासारखा, मी त्याच्या वयाचा होतो तसा. त्यानं मला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, “दादा, नक्की काय खातोस ते लिहून पाठव ना.” मी ऑफिसात होतो. दोन मिनिटांत टाइप करून पाठवलं. सकाळी एक अंडं. दुपारी वाटीभर डाळ. रात्री वाटीभर डाळ, थोडी भाजी. भूक लागली तर पाणी पी. खाली दंडाचा इमोजी टाकला.

2024च्या भाऊबीजेला आण्णांना घेऊन मी आत्याकडे गेलो. पूर्वी आम्ही दोघं एका बाइकवर नीट मावत नव्हतो, आता आरामात बसतो. आत्यानं ओवाळलं, फराळाची ताटं आली. आत्तेभाऊ आतल्या खोलीतून बाहेर आलाच नाही. आत्या म्हणाली, “गेल्या आठवड्यात कॉलेजच्या जिन्यात चक्कर येऊन पडला. सलाईन लावलं. काय खाईनाच झालाय. तुझं बघूनच करतोय रे.”

मी आत गेलो. तो पलंगावर बसून मोबाइल बघत होता. त्यानं मला माझाच मेसेज दाखवला. स्क्रीनशॉट काढून फोनच्या वॉलपेपरला लावला होता. म्हणाला, दोन महिने अगदी तसंच खाल्लं. अकरा किलो उतरलं. मग एका रात्री राहवलं नाही आणि फ्रिजमधलं सगळं खाल्लं. सकाळी परत फक्त पाणी. मग परत एक रात्र तशीच. अकरातले सहा किलो परत आले होते.

“मी लई भुकेला होतो दादा,” तो म्हणाला. “माझ्यातच कायतरी कमी हाय. तुला जमलं, मला जमत न्हाई.”

हे वाक्य मी स्वतःबद्दल दहा वर्षं म्हणत आलोय. प्रत्येक डाएट मोडल्यावर. आता ते मी दुसऱ्याच्या तोंडात घातलं होतं.

मी त्याला हाताला धरून बाहेर हॉलमध्ये आणलं. आत्या, तिचे मिस्टर, आण्णा, सगळे बसले होते. मी शर्ट वर केला. पाच डाग अजून दिसतात, बारीक, तपकिरी. म्हणालो, “माझं जठर कापून काढलंय. चमचाभर जागा उरली तेव्हा वाटीभर जेवण पुरायला लागलं. माझी भूक औषधाला उरली नव्हती. तुझी शाबूत आहे. तुझ्यात काही कमी नाही. मी खोटं बोललो.”

आण्णांच्या हातात चकली होती. ती त्यांनी ताटात परत ठेवली.

परतीच्या वाटेवर ते मागे बसून एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावरही नाही. तो आठवडा आमच्या घरात टीव्ही तेवढा बोलत होता.

त्या आठवड्यात मी आत्तेभावाला डॉक्टरांकडे नेलं. रक्ताच्या तपासण्या झाल्या, आहारतज्ज्ञ बाईंनी त्याला आधी तीन वेळा नीट जेवायला लावलं. ऑपरेशनचा विषय निघाला नाही, आणि निघाला तर तो त्यानं आणि डॉक्टरांनी ठरवायचा आहे. त्याचं वजन फारसं हललेलं नाही. शनिवारी कोल्हापूरला आला की आम्ही रंकाळ्यावर चालतो. तो विचारतो त्याची मी उत्तरं देतो. केसांचं, कातडीचं, रात्री दोन वाजता श्रीखंड खाल्लेल्या दिवसाचंही. कारण आता माझी भूकही हळूहळू परत यायला लागलीय. अनेकांचं वजन काही वर्षांनी थोडं वाढतं, डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं होतं. म्हणजे जी जिद्द मी फुकट मिरवली, तिची खरी गरज आत्ता कुठे लागतेय.

भाऊबीजेनंतरच्या रविवारी सकाळी मी उठलो तेव्हा आण्णा पिशवी घेऊन दारात थांबले होते. आम्ही चालत गेलो. रांगेत आमच्या पुढे सात-आठ जण, मागे तेवढेच. निम्मे ओळखीचे. आमचा नंबर आला. दुकानदारानं न विचारताच दोन किलोच्या हिशोबानं मांडी लाकडावर घेतली.

“सव्वा किलो,” आण्णा म्हणाले.

दुकानदाराचा सुरा थांबला. “का वो आण्णा? पैलवान गावाला चाललाय व्हय?”

“न्हाई. हितंच हाय.” आण्णांनी खिशातून पैसे काढले, मोजायला लागले. “पोटाचं ऑपरेशन झालंय त्याचं. वजनाचं. तेवढं खात न्हाई आता.”

रांगेत कुणीतरी “कवा?” म्हणालं. आण्णांनी मान न वळवता माझ्याकडे हात केला. “त्यालाच इचारा की. सांगंल त्यो.”

मग दुकानदाराला म्हणाले, “नळी घाल एक. अळणीला.”