मोडलेले टोक

वडिलांच्या पश्चात त्यांच्या वस्तूंची वाटणी झाली, तेव्हा आम्ही फक्त त्यांचा घडीचा चाकू मागून घेतला. त्याला तीन पाती आहेत, आणि त्यांपैकी एकाचा आकार आमच्यामुळे बदललेला आहे.

पहिल्या पात्याची धार टोकाकडे जाताना गोलाई घेत वर वळते. पाते ओढताना धार तिरकी सरकत जाते आणि फारसा जोर न लावता फळाची फोड निघते. दुसरे पाते कोयत्यासारखे आत वाकलेले. त्याच्या बाकात डहाळी अडकून राहते, निसटत नाही. हिसका दिला की तुटते. पाटावर भाजी चिरायला मात्र ते निरुपयोगी, कारण आधी टोकच टेकते.

तिसरे पाते भाल्याच्या फाळासारखे निमुळते होते. पायातला काटा काढावा, पोत्याची शिवण उसवावी, तर त्यानेच. शिरण्यासाठी टोक बारीक हवे, आणि बारीक टोक आडवा ताण सोसत नाही. हे तेव्हा आम्हांस कोठून ठाऊक असणार? डब्याचे झाकण उचकटताना ते मोडले.

वडील काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी दगड घेऊन बसले आणि पात्याची पाठ घासून धारेपर्यंत उतरवली. टोकाकडची वळलेली धार गेली. उरली ती पूर्ण सरळ. पावसाळ्यात आंब्याची कोय कलमे त्यांनी त्याच पात्याने बांधायला घेतली. कलमकाडीला पाचरीसारखा काप एका हाताने, सपाट द्यावा लागतो. धार वाकडी असली तर काप खोलगट होतो. काडीच्या आणि खुंटाच्या सालीखालचा जिवंत थर एकमेकांना भिडत नाही, आणि कलम धरत नाही. सरळ धारेने हे काम सोपे झाले.

आशयाला रूप कसे मिळते, हे वर्गात शिकवताना आम्हांस ते पाते हमखास आठवते. अपघाताने आलेल्या रूपालाही त्याचे काम शोधून देता येते, असे म्हणण्याचा मोह होतो. तथापि त्या समजुतीत आमची सुटका आहे, हेही कळते. कारण कलमे धरली हे जितके खरे, तितकेच हेही खरे, की त्यानंतर पायात काटा रुतला की वडील आईकडे सुई मागत.