कुठं थांबते ती?

पिंपळगाव बसवंतच्या एका कृषी सेवा केंद्रात दोघं बागायतदार बोलत होते. ‘यंदा डावणी आली नाही अजून.’ ‘येईल ना. पाऊस पडला की कुठं थांबते ती?’ बाटल्या पिशवीत गेल्या, उधारी वहीत गेली, मोटारसायकल निघून गेली. मी त्या ‘ती’पाशीच उभा.

डावणी म्हणजे डाऊनी मिल्ड्यू. पानावर तेलकट पिवळा डाग, पान उलटवलं की खाली पांढरी बुरशी. पुस्तकी मराठीत हा केवडा रोग, पण बागेत त्या केवड्याला कोण विचारतो! इंग्रजीत या नावाला लिंगच नाही. निफाड-दिंडोरीकडे आल्यावर कुणाला तरी त्याच्या शेवटी ‘ई’ ऐकू आली, शेजारी भुरी होतीच, आणि दोघींची नावं सख्ख्या जावांसारखी जोडीनं घेतली जाऊ लागली. समिती बसली नाही, ठराव झाला नाही. लाईटला तर ‘ई’सुद्धा नाही, तरी ती येते आणि जाते, कारण वीज आधीपासूनच बाई. उलट टीव्ही एवढी ठसठशीत ‘ई’ घेऊन आला आणि बुवाच राहिला. व्याकरणाची पुस्तकं याला रूढी म्हणतात आणि पुढच्या पानावर जातात. मला ही पळवाट आवडते.

मामांची बाग निफाड तालुक्यात. बाग हा शब्दही मोठा गमतीचा, कुणी तो म्हणतं, कुणी ती. पण द्राक्षाची असली की ती छाटली जाते, ती फुटते, तिला जपावं लागतं. ऑक्टोबर छाटणीनंतर कोवळ्या फुटीतून घड डोकवायला लागले की मामांचं जेवणातलं लक्ष उडायचं. ढग आले की झोपही. रात्री मामी हाक मारायची, ‘अहो, लाईट आली!’ मग विहिरीवरची मोटार सुरू, आणि पडवीत डावणीवरचा बोर्डो. लोखंडी भांडं चालत नाही, म्हणून प्लास्टिकचे ड्रम. एकात मोरचुदाचे निळे खडे भिजवलेले, दुसऱ्यात चुन्याची निवळी. 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी, म्हणजे 1 टक्क्याचा बोर्डो. दोन्ही एकत्र झाले की आभाळी रंगाचं दाट पाणी तयार व्हायचं. मग मामा विळा घासून चकचकीत करायचे आणि त्यात बुडवून धरायचे. आम्ही पोरं बॅटरी घेऊन पात्याकडे बघत बसायचो. पातं तांबूस झालं तर चुना कमी पडला, मोकळं तांबं पान जाळणार; आणखी निवळी ओता. पातं होतं तसं राहिलं की मामा मान हलवायचे आणि ट्रॅक्टर सुरू व्हायचा. तो ट्रॅक्टर, तो ब्लोअर, ती फवारणी, ती नळी, ते नोझल. सकाळी मामांच्या भुवया निळ्या असायच्या, आणि मामी निळ्या झालेल्या टॉवेलवरून कटकट करायची.

हा बोर्डो मूळचा चोरांसाठी. फ्रान्सच्या मेदोक भागात रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत, म्हणजे घाण दिसतं म्हणून वाटसरू द्राक्षं तोडणार नाहीत. अमेरिकेतून आलेल्या डावणीनं तेव्हा तिथल्या बागा झोपवल्या होत्या. 1882 साली बोर्डोच्या विद्यापीठातल्या मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाला दिसलं, की नेमक्या या रस्त्याकडेच्याच वेली हिरव्या आहेत. 1885 साली त्यानं ते मिश्रण जाहीर केलं. फ्रेंचांनी रोगाचं नाव इंग्रजीतूनच उचललं, पण मिल्ड्यूचं ‘मिल्द्यू’ करून त्याला पुल्लिंगी केलं. म्हणजे मेदोकमध्ये तो, पिंपळगावात ती.

इंग्रजी मात्र कायम अशी कोरडी नव्हती. हजार वर्षांपूर्वी तिथं सूर्य स्त्रीलिंगी होता, चंद्र पुल्लिंगी, आणि बाईसाठीचा जो शब्द आजच्या ‘वाइफ’चा पूर्वज, तो चक्क नपुंसकलिंगी. हसू नये, कोकणीत आजही तरुण मुलगी ‘तें चेडूं’ असते. पुढच्या दोन-तीनशे वर्षांत, उत्तरेकडून सुरुवात होऊन, इंग्रजांनी हे सगळं टाकून दिलं. उरलंसुरलं जहाज तेवढं बाई होतं, तर 2002 साली ‘लॉइड्स लिस्ट’ या जहाजांच्या जुन्या वृत्तपत्रानं तेही बंद केलं. शिकायला सोपं झालं खरं. मला जरा ओकंबोकं वाटतं.

आमच्या नाशिकरोडच्या छापखान्यांत बघा. पोस्टाची तिकिटं 1926 पासून, नोटा 1928 पासून, आता पासपोर्टही. कागद, शाई, पहारा सगळं कडक. पण फाटकातून बाहेर पडताना नोट ती असते, पासपोर्ट तो आणि तिकीट ते. पासपोर्टात तर ‘लिंग’ असा रकानाच असतो, अर्थात तो आपल्यासाठी.