हुकुमचंद मिलपासून सुपर कॉरिडॉरपर्यंत

इंदुरास येणारा पाहुणा राजवाडा पाहतो, लालबाग पाहतो, रात्री सराफ्यात जिभेचे चोचले पुरवितो आणि संतुष्ट होऊन परततो. परदेशीपुऱ्याकडे त्यास कोणी नेत नाही. आम्ही मात्र आग्रहाने नेतो. मालवा, कल्याणमल, राजकुमार, स्वदेशी, हुकुमचंद ही नावे त्या भागात अद्याप तोंडोतोंडी आहेत. मिल मात्र एकही चालू नाही. (मुंबईकरांची ती गिरणी, आम्हां इंदूरकरांची मिलच.)

हुकुमचंद मिलला १२ डिसेंबर १९९१ रोजी टाळे लागले. ५,८९५ कामगार रस्त्यावर आले. त्यांच्या थकलेल्या देण्यापोटी सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश निघाला तो २५ डिसेंबर २०२३ रोजी. बत्तीस वर्षे! तोवर कित्येकांनी इहलोक सोडला होता. त्यांचा वाटा वारसांकडे गेला.

यंत्राने मिल बुडविली, असे सरसकट म्हणणे आम्हांस पटत नाही. साध्या मागावर धोटा धावे आणि एक विणकर दोन माग सांभाळी. आता धोटाच नाहीसा झाला आहे. हवेच्या झोताने आडवा धागा पार होतो आणि एक माणूस अनेक मागांवर नजर ठेवतो. जुन्या मिलला नवे यंत्र मिळाले नाही, म्हणून ती मेली. ज्यांना ते मिळाले, तेथे माणसे नकोशी झाली. विणकर दोन्हीकडून मारला गेला. त्याच्या श्रमातून वाचलेला पैसा यंत्राच्या मालकाकडे गेला, इतकाच काय तो हिशेब.

तेथून आम्ही पाहुण्यास विमानतळाच्या बाजूस सुपर कॉरिडॉरवर नेतो. टीसीएस, इन्फोसिसच्या प्रशस्त वास्तू पाहून तो थक्क होतो. तिकडे पीथमपूरच्या वाहन कारखान्यांतही पोलादी हात सांधेजोड करू लागले आहेत. आमच्या सरकारी शाळेतील मिल कामगारांची नातवंडे या दोहोंकडे डोळे लावून असतात. ज्याच्या घरी संगणक व इंग्रजी, तो काचेच्या वास्तूत शिरतो. इतरांपैकी पुष्कळजण त्याच वास्तूच्या फाटकावर जेवणाचे डबे पोहोचवितात. आणि आता आज्ञावली लिहिणारे यंत्रही आले आहे. काचेआडच्या मुलांनाही घोर लागला आहे.

पाहुणा भाद्रपदात आला, तर अनंत चतुर्दशीस त्याला रात्रभर जागवितो. बंद मिलांच्या झांक्या अजून निघतात. दिव्यांच्या त्या रथांवर मिलचे नाव ठळक अक्षरांत असते आणि पुढे जुने कामगार चालतात.