हद्दीवरची दरी

तेरखेडा, शुक्रवार, ८ ऑगस्ट २०२५

राखीसाठी माहेरी आले. दिवाळी अजून लांब आहे, तरी गावाबाहेरच्या कारखान्यांत फटाक्यांचं काम जोरात चालू आहे. हमरस्त्यावरून जाणारा माणूस दुकानांचे फलक वाचून तेरखेड्याला फटाक्यांचं गाव म्हणतो. खरंच आहे ते. पावसाचा भरवसा नसलेल्या या माळावर कित्येक चुली याच धंद्यावर पेटतात. स्फोटांत माणसंही गेली आहेत.

मला मात्र गावाचा अभिमान वाटतो तो तेरणा नदीमुळे. तिचा उगम इथलाच. पुढे ती तेरला, गोरोबाकाकांच्या गावाला जाते, मग मांजरेला आणि मांजरेतून गोदावरीला. बालाघाटाच्या दुसऱ्या उतारावर पडलेला पाऊस सीनेत, भीमेत, शेवटी कृष्णेत जातो. म्हणजे आमच्या डोंगरावर ढग थोडा इकडे सरकला की पाण्याची वाट बदलते. माणसांनी हद्दी आखायच्या कितीतरी आधीपासूनची ही हद्द.

रविवारी येडशीजवळच्या दरीतल्या रामलिंगच्या मंदिरात जायचं ठरलं. दादा म्हणाला, "सोमवारी नको. श्रावणातला सोमवार हाय, पाय ठेवायला जागा मिळायची नाही."

शनिवार, ९ ऑगस्ट. राखी पौर्णिमा

दुपारी गल्लीतले आबा आले. वय नव्वदीच्या आसपास, पण बोलणं खणखणीत. रामलिंगचं नाव काढताच सुरू झाले.

"तवा आपण मोगलाईत. येडशीच्या पल्याड पांगरी, बार्शी सगळा इंग्रजी मुलूख. इकडं हाली रुपया, तिकडं कलदार. मधी करोडगिरीचा नाका. चार भांडी न्यायची म्हटलं तरी झडती."

१५ ऑगस्ट १९४७ ला बार्शीत तिरंगा चढला. इथे, मोगलाईत, नाही. निजामाचं राज्य आणखी तेरा महिने टिकलं, आणि ते महिने रझाकारांचे, निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांचे होते. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरचाच वकील. आबांच्या घरच्यांनी रात्री डोंगरवाटेने बार्शीची बाजू गाठली होती. "आईच्या कडंवर धाकटी. तिच्या तोंडावर पदर. खोकली तर?" एवढं बोलून ते थांबले. मीही पुढे काही विचारलं नाही.

हद्दीपलीकडे निजामाविरुद्ध लढणाऱ्या स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांचे कॅम्प होते. उस्मानाबादकडच्या कॅम्पांची सूत्रं फुलचंद गांधींकडे होती. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून फौज नळदुर्गात शिरली आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. पुस्तकात हे दोन ओळींत संपतं. आबांना मात्र त्या वाटेवरचा प्रत्येक ओढा अजून पाठ आहे.

रविवार, १० ऑगस्ट

सकाळी लवकर निघालो. मी, दादा आणि भाची. येरमाळ्याला येडेश्वरीला गाडीतूनच हात जोडले. दोन्ही बाजूंना सोयाबीन फुलावर, उडदाला शेंगा. येडशी जवळ आली की सपाट रान एकाएकी संपतं आणि जमीन खाली उतरते. दरी दिसते ती अगदी काठावर गेल्यावर. मोगलाईच्या वेशीवर लपायला माणसं इथेच का येत, हे त्या काठावर उभं राहिल्यावर कुणाला सांगावं लागत नाही.

पायऱ्या उतरताना हवा बदलते. वर हमरस्त्यावर ट्रकांची रांग आणि खाली ओल्या पाचोळ्याचा वास. धावडा, पळस, खैर, आपटा आणि जिथे तिथे सीताफळ. माकडांनी भाचीच्या हातातला नारळ पहिल्या वळणावरच पळवला. मंदिर दरीच्या तळाशी आहे, ओढ्याला लागून. भिंतीवरची शेवाळं इतकी हिरवी की मराठवाड्यात आहोत यावर विश्वास बसू नये. धबधबा अजून भरात नव्हता, पण वाहत होता. आम्ही तिघंही त्याच्याखाली उभे राहिलो. भाचीला थंडी वाजून आली तरी ती निघेना.

या दरीची कथा आजीने सांगितलेली. सीतेला नेणाऱ्या रावणाला जटायूने इथे अडवलं. पंख तुटून तो पडला. रामाने बाण मारून जमिनीतून पाणी काढलं आणि त्याच्या चोचीत घातलं. जटायूची समाधी आजही मंदिराजवळ दाखवतात. त्या समाधीपाशी उभी राहून मी बराच वेळ आभाळ पाहिलं. घारी दिसल्या, गिधाड एकही नाही. मेलेली जनावरं खाऊन रान स्वच्छ ठेवणारा हा पक्षी भारतभर झपाट्याने संपला. गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक त्यांच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाई आणि त्याचे मूत्रपिंड निकामी करी. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तोवर फार उशीर झाला होता. जटायूला आम्ही नमस्कार करतो, त्याला हार घालतो. त्याच्या वंशाचा आकांत मात्र आम्हाला ऐकू आला नाही. हे लिहिताना हात जड होतो.

परतताना दादाने बार्शी लाइट रेल्वेचा विषय काढला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याची ही अडीच फुटी रुळांची गाडी १८९७ मध्ये बार्शीपर्यंत आली, मग हद्द ओलांडून १९११ मध्ये लातूरला पोचली. आमच्या वडिलांनी त्या गाडीने प्रवास केलेला. आता तिथे रुंद रूळ आहेत.

सोमवार, ११ ऑगस्ट

घरात उपवास. भगर, आमटी. दिवसभर वाघाचीच चर्चा.

२०२४ च्या डिसेंबरात येडशी रामलिंग अभयारण्याच्या कॅमेऱ्यात वाघ दिसला तेव्हा कुणाला खरं वाटेना. तो यवतमाळच्या टिपेश्वरातून आलेला. साडेचारशे किलोमीटरच्या वर चालून, शेतं, रस्ते, नद्या, रूळ ओलांडून. लोकांनी त्याचं नाव रामलिंगच ठेवलं. पकडून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात सोडायचं ठरलं, पथकं आली, पण तो हाती लागला नाही. बार्शी तालुक्यातही जाऊन येतो. ज्या नाक्यावर आबांच्या भांड्यांची झडती झाली, तिथून तो रोज रात्री सुखाने ये-जा करत असेल.

शेजारच्या काकूंचा भाऊ तिकडचाच. त्याची कालवड गेली. "पंचनामा झाला, पैसं मिळतील. पर रात्रीला पाणी द्यायला कोण जाईल रानात?" त्याच्या भीतीला कुणी हसू नये. रानडुकरांना हाकलायला शेतकरी सुतळी बॉम्ब नेतात, आता ते वाघासाठीही नेतात. आमच्याच गावाचे बॉम्ब.

१९९७ मध्ये अभयारण्य जाहीर झालं, पण क्षेत्र अवघं बावीस चौरस किलोमीटर. एका वाघाला ते पुरत नाही, हे त्याने स्वतः चालून दाखवलंय. दरी इतकी वर्षं जशीच्या तशी राहिली ती दोन राज्यांच्या कडेला असल्यामुळे, नांगर चालत नसल्यामुळे. आता चौपदरी रस्ता थेट तिच्या माथ्यावरून जातो. नुसती दरी राखून भागणार नाही. भोवतीचे माळ, गायरानं, येरमाळ्याकडचे डोंगर एकमेकांना जोडलेले राहिले पाहिजेत, रस्त्याखालून जनावरांना वाट हवी, आणि ज्याची कालवड गेली त्याला पैसे त्याच महिन्यात मिळाले पाहिजेत. यातलं शेवटचं झालं नाही तर पहिली दोन कधीच होणार नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

दादाला हे सांगितलं. तो म्हणाला, "ग्रामसभेत बोल की मग. पंधरा ऑगस्टला हायेच."

रजा चार दिवस वाढवली.