विश्वदौरा आणि वत्सगुल्म

रॉक संगीताच्या परिभाषेत 'वर्ल्ड टूर' हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की त्यातल्या 'वर्ल्ड'चा अर्थ विचारावा असे सहसा कोणाला वाटत नाही. आम्हाला तो विचारावासा वाटतो, याचे कारण आमचे गाव. वाशीममध्ये वाढलेल्या आणि मित्राकडून नक्कल करून आणलेल्या कॅसेटींवर आयर्न मेडन ऐकत आलेल्या आम्हाला, त्या विश्वात आपण मोडतो की नाही, हा प्रश्न फार जुना आहे.

1 फेब्रुवारी 2008 रोजी आयर्न मेडनच्या 'समव्हेअर बॅक इन टाइम' या विश्वदौऱ्याचा नारळ मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात फुटला. आदल्या वर्षी हा ब्रिटिश बँड बंगळूरला येऊन गेला होता. पण विश्वदौऱ्याचा आरंभच महाराष्ट्रात व्हावा, ही गोष्ट अपूर्व होती. दौऱ्यासाठी बोइंग 757 जातीचे विमान घेतलेले, त्यात सुमारे 12 टन सामान आणि वैमानिकाच्या आसनावर गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः! पहिल्या टप्प्यात 45 दिवसांत 23 जलसे झाले. मुंबईहून ऑस्ट्रेलिया, जपान, मग मेक्सिको, कोलंबिया, ब्राझील. रंगमंचाची सजावट 1984 च्या 'पॉवरस्लेव्ह' या अल्बममधल्या इजिप्तची आणि गाणी बहुतांशी त्याच दशकातली. आम्ही गेलो नाही. मुंबई पाचशेहून अधिक किलोमीटर दूर. तिकीट, प्रवास आणि मुक्काम यांचा मेळ बसेना, आणि घरी हरभऱ्याच्या सोंगणीचे दिवस.

वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला मात्र वाशीम म्हटले की दुसराच एक दौरा आठवतो. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. दहाव्या शतकाच्या आगेमागे राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुषाची कथा सांगितली आहे. सरस्वतीचा हा पुत्र रुसून निघून जातो. त्याला प्रेमपाशात बांधण्यासाठी गौरी साहित्यविद्यावधू निर्माण करते आणि ती त्याच्या मागोमाग निघते. आधी पूर्व देश, मग पांचाल, मग अवंती, शेवटी दक्षिण. प्रत्येक प्रदेशात तिचा वेष निराळा, नृत्य निराळे. तिथल्या स्त्रिया तिचेच अनुकरण करतात. पूर्वेकडे तो मुळीच वश होत नाही, तेव्हा त्याची वाणी समासांनी जड असते. पुढे मन जसजसे द्रवते, तसतशी ती मोकळी होत जाते आणि वैदर्भी रीती अवतरते. अखेर विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात दोघांचा गांधर्वविवाह होतो. राजशेखर स्वतःला 'यायावरीय' म्हणवतो, म्हणजे भटक्यांच्या कुळातला. दौऱ्याचे मर्म त्याला कळले नसते तरच नवल!

हे दोन दौरे शेजारी ठेवले की एक भेद चटकन जाणवतो. साहित्यविद्यावधूचा प्रत्येक मुक्काम वेगळा आहे. रीतींचा जन्मच त्या वेगळेपणातून झाला. विश्वदौऱ्यात मुक्काम बदलतात आणि प्रयोग जवळपास तसाच राहतो. श्रोत्यांचा काळा टी-शर्टदेखील मुंबईत आणि बोगोटात एकच. एवढ्यावरून विश्वदौरा म्हणजे निव्वळ मालवाहतूक, असा निकाल देण्याचा मोह कोणालाही होईल.

आम्हाला तो निकाल मान्य नाही. याच दौऱ्यावर 2009 मध्ये 'फ्लाइट 666' हा माहितीपट आला. त्यात बोगोटातला एक श्रोता आहे. जलसा संपल्यावर हाती आलेली ड्रमची काठी धरून तो नुसता रडतो आहे. गाणी तीच, सजावट तीच. ते अश्रू मात्र त्याचे एकट्याचे. राजशेखरानेच प्रतिभेचे दोन प्रकार केले आहेत: कवीची ती कारयित्री आणि भावकाची ती भावयित्री. कवीचे श्रम सफळ होतात ते या दुसरीमुळे. प्रयोग कितीही ठरावीक असो, भावक प्रत्येक गावी नवा असतो. आणि वाशीमच्या खोलीत, वीज जाण्याआधी एक बाजू तरी पूर्ण व्हावी म्हणून धडपडणारा श्रोताही भावकच होता. या अर्थाने आम्ही त्या विश्वात होतो. त्यासाठी आम्हाला कोणाच्या नकाशाची गरज नव्हती.

तरीही एक उणीव उरते आणि ती झाकण्यात अर्थ नाही. काव्यपुरुषाची वाणी बदलली ती तो इथवर चालत आल्यामुळे. कॅसेट ऐकून श्रोता बदलतो, गाणाऱ्यापर्यंत त्यातले काही पोहोचत नाही. आमच्या गावाने त्या गाण्यात कोणती रीती घातली असती, हे त्यांना कधी कळणार नाही, आणि आम्हालाही नाही. 'काव्यमीमांसे'तला तो विवाह वर्गात शिकवला जातो तेव्हा विद्यार्थी वत्सगुल्माचे नाव परीक्षेपुरते लिहून घेतात. त्या नावापाशी त्यांनी क्षणभर थांबावे, असे आम्हाला वाटते. एका मोठ्या दौऱ्याचा शेवटचा मुक्काम इथे होता.