एकाचा फरक

कॉमर्सच्या माणसाने देवाधर्मावर लिहू नये असा एक समज आहे. तो बहुधा आर्ट्सच्या लोकांनी पसरवला असावा. वास्तविक जप हा विषय मुळात आमच्याच खात्याचा. बोटांनी एकेक सरकवायचे, तोंडाने आकडे पुटपुटायचे आणि मध्येच कुणी बोलले तर डोळे वटारायचे, हे मी बँकेच्या कॅश काउंटरवर रोज करतो. फक्त माझ्या पुटपुटण्याला कुणी साधना म्हणत नाही.

जपाचा हिशेब किती चोख आहे पाहा. माळेत मणी १०८, पण धरायचे १००. वरचे ८ उच्चार चुकला, लक्ष उडाले, डुलकी लागली यापोटी सोडून द्यायचे. आम्ही याला बुडीत कर्जाची तरतूद म्हणतो. मेरुमणी ओलांडायचा नाही, तिथून माळ फिरवून उलट निघायचे. तर्जनी माळेला लावायची नाही. ते बोट दुसऱ्याच्या चुका दाखवण्यात आधीच गुंतलेले असते. आणि हात गोमुखीत ठेवायचा, म्हणजे आपल्या खात्यावर किती जमा झाले ते शेजाऱ्याला कळू नये.

व्याजाचे दरही ठरलेले आहेत. मनुस्मृतीच्या हिशेबाने साग्रसंगीत यज्ञापेक्षा जप दसपट श्रेष्ठ, ओठांतल्या ओठांत केला तर शंभरपट आणि मनातल्या मनात केला तर हजारपट. मांडवातल्या लाउडस्पीकरवरून होणाऱ्या जपाचा दर मनूने दिलेला नाही. तो उणे असावा.

समर्थ रामदासांनी नाशिकजवळच्या टाकळीला १२ वर्षांत १३ कोटी जप केला असे परंपरा सांगते. मी कॅल्क्युलेटर काढला. रोजचे जवळजवळ तीस हजार, म्हणजे तीनशे माळा. तेही नदीच्या पाण्यात उभे राहून! आमच्याकडे पंखा बंद पडला तर पाचशेचे एक बंडल मोजून होत नाही.

आमच्या आईचा जप मात्र यातल्या कुठल्याच दरपत्रकात बसत नाही. ती काढा उकळताना जप करते. शार्ङ्गधरसंहितेत काढ्याचे माप आहे : औषधाच्या सोळापट पाणी घालायचे आणि मंद आचेवर आटवून आठवा हिस्सा ठेवायचा. आईने शार्ङ्गधर वाचलेला नाही. अडुळशाची पाने, तुळस, ज्येष्ठमधाची कांडी, सुंठ आणि चार मिरी गॅसवर चढवायची आणि तुळशीच्या मण्यांची माळ घेऊन शेजारी स्टुलावर बसायचे. पातेले केवढे आणि पाणी किती, त्यावर तीन माळा की चार ते ठरते.

एकदा आमची ही म्हणाली, "आई, मोबाइलवर टायमर लावून देते ना. तुम्ही कशाला उकाड्यात बसता?"

"अगं, टायमर वाजेपर्यंत तू इथे बसशील का? तू गॅलरीत बोलत उभी राहशील. काढा उतू जाईल आणि वाजल्यावर तू टायमर बंद करशील."

यावर हिच्यापाशी उत्तर नव्हते. माझ्यापाशी होते, पण लग्नाला अठरा वर्षे झाली असल्यामुळे मी ते हजारपटीच्या दराने दिले.

गेल्या दिवाळीनंतर आईलाच खोकला लागला. दोन आठवडे झाले तरी थांबेना, तेव्हा मी डॉक्टरांकडे नेतो म्हटले. जप करणारी माणसे डॉक्टरला भितात असे मला वाटायचे. आई म्हणाली, "जप जपाच्या जागी, फोटो फोटोच्या जागी. चल." छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली. ते निकाल येईपर्यंतचे तीन दिवस मी काउंटरवर प्रत्येक बंडल दोनदा मोजत होतो. दोन्ही निकाल चांगले आले. डॉक्टरांनी खोकल्याचे सिरप दिले आणि म्हणाले, "काढा घ्यायला हरकत नाही, पण औषधाऐवजी नको."

सिरपच्या बाटलीवर ब्रोमहेक्सिन लिहिले होते. अडुळशात व्हॅसिसिन नावाचे द्रव्य असते. त्याच्या धर्तीवर रसायनशास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्सिन तयार केले आणि १९६३ पासून ते जगभर घशाखाली उतरते आहे. हे मी आईला सांगितले. तिने बाटलीवरची किंमत पाहिली, मग खिडकीतून सोसायटीच्या कुंपणाकडे पाहिले. तिथला अडुळसा तिनेच लावलेला आहे. त्याला गुरे तोंड लावत नाहीत आणि सोसायटीची वर्गणीही पडत नाही. "म्हणजे आपलाच अडुळसा सूटबूट घालून आला म्हण की," ती म्हणाली.

औषधे आणि मंत्र यांचे नाते काही आजचे नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले सत्त्याण्णवावे सूक्त औषधींनाच उद्देशून आहे. त्यातला वैद्य वनस्पतींना आई म्हणून हाक मारतो आणि आपल्याला घोडा, गाय, वस्त्र मिळावे अशी इच्छाही सांगून टाकतो. फीची बाब त्या काळीही मोघम ठेवत नसत. पण मी अडलो तो आकड्यावर. वैद्य म्हणतो, औषधींची स्थाने १०७. आणि माळेचे मणी १०८! पंडित याचा काय अर्थ लावतात तो लावोत. कॅशियरला एकाचा फरक दिसला की झोप येत नाही.

तो फरक मला स्वयंपाकघरात सापडला. आईला उठवत नव्हते, म्हणून काढ्याजवळ मी बसलो. मंत्र येत नाही म्हटले, तर ती आतून म्हणाली, "अरे, नाव कुणाचंही घे. मन तेवढं इथे ठेव." मननाने तारतो तो मंत्र, ही जुनी व्युत्पत्ती मी ऐकली होती. तिचा इतका सोपा तर्जुमा कुणी केला नव्हता. मी रामाचे नाव घेऊ लागलो. पहिल्या माळेत मन बँकेत होते. दुसरीत प्रमोशनच्या यादीत. तिसरीत ते पलीकडच्या खोलीत गेले आणि तिथल्या खोकल्याच्या दोन उबळींमध्ये किती मणी जातात ते मोजू लागले. आधी नऊ जायचे. मग चौदा. मग एकवीस.

आईने काढा प्यायला आणि तोंड वाकडे केले. "कडूजहर झालाय," ती म्हणाली. "म्हणजे बरोबर झालाय."

औषधी एकशे सात. एकशे आठवे औषध म्हणजे पातेल्याजवळ बसून राहिलेला माणूस, अशी नोंद मी माझ्यापुरती करून टाकली आहे. ऑडिटरला ती मान्य होईलच असे नाही.